पायवाट राखायची आहे? मग पहिल्या दिवशी कोयता घरीच ठेवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास मला दरवर्षी दोन-चार फोन येतात. राजेंद्रनगरातलं कोणी, सुदामानगरातलं कोणी, नाहीतर नोकरीनिमित्त नुकताच पुण्याहून इंदूरला आलेला एखादा. पावसाळ्यात पाताळपाणी-तिंछाचे धबधबे बघून आलेले असतात, झुडपांत वाट हरवलेली असते, पायात काटे मोडलेले असतात. "काका, तुमच्या त्या रविवारच्या वाटा दुरुस्तीच्या कामाला यायचंय. कोयता आणू का?"

नका आणू. पाणी आणा, वही-पेन्सिल आणा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. कोयत्याचं काम तिसऱ्या-चौथ्या खेपेला. झुडपांनी बुजलेली वाट दोन रविवारांत मोकळी होते. पाण्यानं खाल्लेली वाट सहजासहजी परत मिळत नाही. आणि गावाशी बिनसलं तर पुढं काही करायला उरतच नाही.

आधी आमचा टापू सांगतो. इंदूरहून दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटर गेलं की माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याचा कडा खाली निमाडात उतरतो. महू, मानपूर, सिमरोल, चोरल, काळाकुंड ही सगळी त्या काठावरची किंवा काठाखालची गावं. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला जातो, पलीकडे पडलेला नर्मदेतून खंबातच्या आखाताला. ह्या कड्यावरून खाली उतरणाऱ्या वाटा जुन्या आहेत. कोणी गुरं घेऊन जातं, कोणी आठवड्याच्या हाटाला, कोणी ओंकारेश्वराला. आम्ही सात-आठ जण अशा तीन वाटा आलटूनपालटून बघतो. संस्था नाही, फलक नाही, छापील टी-शर्ट तर नाहीतच.

जमीन कोणाची, हे पहिलं

जंगलातली वाट म्हणजे सगळ्यांचीच, असं नवख्याला वाटतं. आमच्या एका दोन किलोमीटरच्या वाटेवर चार मालक निघाले: सुरुवातीला सरकारी पडीक, मग एका शेतकऱ्याचं गव्हाचं रान, मग वनविभाग आणि शेवटी रेल्वेची हद्द. महूच्या बाजूला पाचवा मालक असतो, लष्कर.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तिकडचा तलाठी तो इथला पटवारी आणि सातबारा शोधाल तर हातात खसरा येईल. मध्यप्रदेशच्या भू-अभिलेखाच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा आणि खसरा घरबसल्या दिसतो. वाटेला स्वतःचा खसरा क्रमांक असेल आणि पुढे 'रास्ता' लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर पटवाऱ्याकडे गावाचा 'वाजिब-उल-अर्ज' बघायला मागा. गावातल्या रूढी, वहिवाटी, येण्याजाण्याचे हक्क त्यात नोंदवलेले असतात. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये कलम २४२ त्याचंच आहे. शेतात किंवा चराईला जायच्या वाटेवरून तंटा झाला तर कलम १३१ खाली तहसीलदार निवाडा करतो, आणि गावाच्या वाटेत कोणी अडथळा घातला तर कलम १३३ खाली तो काढायचा हुकूम देऊ शकतो.

हे माहीत असू द्या, पण खिशातून काढू नका. कलमाचा उच्चार झाला की पुढच्या रविवारी बांधावर काटेरी तार दिसते. शिवाय हे हक्क मुळात गावच्या माणसांचे आहेत, शहरातून रविवारी हवापालटाला येणाऱ्या आपले नाहीत. शेतातून जाणाऱ्या वाटेसाठी मालकाला भेटायचं, चहा घ्यायचा आणि गहू उभा असताना बांधावरून जायचं कबूल करायचं. आमचा तरी आजवर एवढ्यावर निभाव लागलाय.

इंग्लंडमध्ये हा मामला निराळा आहे. तिथे सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा असतो, १९४९ च्या कायद्यानं काढायला लावलेला. नकाशात वाट असली की शेताच्या मधोमध का असेना, लोकांना जाता येतं. शेतकऱ्यानं ती पेरणीसाठी नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. तिथले स्वयंसेवक स्थानिक कौन्सिलसाठी काम करतात, त्यांना वाटेची मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. तिकडचे व्हिडिओ बघून आलेला उत्साही माणूस इथे पहिल्याच दिवशी शेतात घुसतो, म्हणून हे सांगितलं.

वनविभागाच्या हद्दीत मात्र तोंडी ओळखीवर जाऊ नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव जंगलात झाड तोडणं, दगड काढणं, आग लावणं हे गुन्हे आहेत, आणि आपण जे करणार त्यात छाटणी पण येते, दगड पण येतात. इंदूर वनमंडळात इंदूर, महू, चोरल आणि मानपूर अशा रेंजा (वनपरिक्षेत्रं) आहेत. वाट कोणत्या रेंजमध्ये येते ते बीटगार्डला (तिथल्या वनरक्षकाला) विचारा आणि रेंजरच्या नावे अर्ज करा. अर्ज एक पानाचा आणि हिंदीत. कुठून कुठपर्यंत, किती माणसं, कोणत्या तारखा, कोणती अवजारं आणि आपण काय काय करणार नाही, एवढं पुरे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या पहिल्या अर्जात 'झुडपं छाटणे' ह्याचं हिंदी करताना कोणीतरी 'वृक्ष कटाई' लिहिलं. तो अर्ज तीन महिने ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि शेवटी एक वनरक्षक आम्हालाच तपासायला आला. चूक आमची. घरात मराठी, बाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा इंदूरकरांना दोन्ही येतात असा आमचा समज आहे.

इंदूरजवळचं राळामंडळ हे १९८९ पासून अभयारण्य आहे. तिथे वन्यजीव कायदा लागतो, स्वतःच्या मनानं काम काढायची ती जागा नाही. तिथे मदत करायची असेल तर अधिकाऱ्यांना विचारा आणि ते सांगतील तेवढंच करा.

रेल्वेचं एका वाक्यात: रुळांवरून चालू नका. पाताळपाणी ते काळाकुंड मीटरगेजवर डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी चालते, त्या टप्प्यात बोगदे आहेत, पूल आहेत. "गाडी दिवसाची एकच असते" असं सांगणारा तज्ज्ञ प्रत्येक टोळक्यात एक असतोच. त्याला सांगा, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे.

आणि महूभोवती लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. पाटी दिसली की मागं फिरायचं. लोखंडाचं काही पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, न फुटलेला गोळा असू शकतो. ह्यात चर्चा नाही.

पहिल्या दोन फेऱ्या नुसतं चाला

एक फेरी एकट्यानं किंवा दोघांनी, एक गावातल्या माणसाबरोबर. सरपंचाला आणि पंचायतीच्या सचिवाला भेटून कल्पना द्या, पण वाटेबद्दलचं खरं ज्ञान त्यांच्याकडे असेलच असं नाही. ते असतं रोज ती वाट तुडवणाऱ्याकडे: गुराख्याकडे, लाकूडफाटा आणणाऱ्या बायांकडे, कड्याखालच्या पाड्यावरून शाळेत चढून येणाऱ्या पोरांकडे.

आमच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. काळाकुंडच्या बाजूची एक वाट आम्ही मोठ्या हौसेनं मोकळी केली. तीन रविवार खपलो. दोन्ही बाजूंची घाणेरी छाटून आरामात एक माणूस जाईल एवढी रुंदी ठेवली आणि खूष होऊन खाली बसलो. तेवढ्यात वरून एक आजी डोक्यावर मोळी घेऊन उतरल्या. मोळी आडवी, दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलेली. आम्ही साफ केलेल्या पट्ट्यात त्या शिरल्या आणि चार पावलांवर मोळी दोन्हीकडे अडकली. आजी मागं सरल्या, अंग तिरकं केलं, खेकड्यासारख्या आडव्या चालत त्या तीस-चाळीस फुटांतून बाहेर आल्या. आम्हाला काही बोलल्या नाहीत. पण छाटलेले खुंट पोटरीच्या उंचीवर तिरके, धारदार राहिले होते आणि आजींच्या पायात साधी स्लीपर होती. एका खुंटापाशी त्या थांबल्या, पायानंच तो दाबून बघितला आणि बाजूनं गेल्या.

तेव्हापासून आमचं माप मोळीचं. कमरेच्या वर पाच फूट रुंदी, डोक्यावर सात-आठ फूट मोकळं. खाली पावलांसाठी दोन-अडीच फूट पुष्कळ झाले. आणि खुंट ठेवायचा नाही, जमिनीलगत सपाट कापायचा.

ह्या फेऱ्यांत वहीत काय लिहायचं? वाट कुठे बुजली, कुठे खचली, कुठे लोक मुख्य वाट सोडून बाजूनं जातात आणि का जातात. ते 'का' फार कामाचं आहे. एका ठिकाणी सगळे जण वाट सोडून वीस पावलं चढून पुन्हा खाली उतरत होते. आम्हाला कोडं पडलं. बरोबरचा गुराखी म्हणाला, तिथे आग्यामोहोळ असतं. वर बघितलं तर खडकाच्या पोटाला खरंच पोळी लटकलेली. तिथे काहीही दुरुस्त करायचं नव्हतं.

पाणी

आता मुख्य काम. उतारावरची वाट म्हणजे पाण्याला आयता मिळालेला ओढा. पावलांनी माती दबते, मधोमध पन्हळ होते, पाणी त्यात शिरतं आणि एकदा शिरलं की उतार संपेपर्यंत बाहेर पडत नाही. दोन पावसाळ्यांत घोट्याएवढी घळ, चार पावसाळ्यांत गुडघ्याएवढी. मग लोक घळीच्या कडेनं चालतात, ती कडही खचते आणि एका वाटेच्या तीन होतात.

म्हणून जुलैत, पाऊस चालू असताना, छत्री घेऊन एकदा वाटेवर जा. कड्याजवळ आणि धबधब्यांच्या पात्रात नाही, वरच्या टप्प्यात. २०११ च्या जुलैमध्ये पाताळपाण्याला अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली, ते दृश्य सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. पाऊस वर पठारावर पडतो आणि खाली कोरड्या पात्रात उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता नसतो.

छत्रीखाली उभं राहून दोनच गोष्टी टिपायच्या: पाणी वाटेवर कुठून शिरतं आणि कुठून निघतं. ह्या दोन जागांमधलं अंतर कमी करायचं. आमचं सगळं काम एवढंच आहे.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे वाटेला दरीकडे हलकासा कल देणं. मीटरभर रुंदीत चार-पाच सेंटीमीटर बस झाले. मग पाणी वाटेवरून पातळ पसरून पलीकडे जातं, लांबीनं धावत नाही. बहुतेक जुन्या वाटांना हा कल मुळात असतो, पण दरीकडच्या कडेला माती साचून एक बारीक वरंबा तयार झालेला असतो आणि तोच पाणी आत कोंडून ठेवतो. फावड्यानं तो वरंबा जागोजागी फोडा. अर्ध्या तासाचं काम, आणि पुष्कळदा पुढचं काहीच करावं लागत नाही.

चढ खडा असेल तिथे आडवे दगड बसवावे लागतात. हे नीट सांगतो, कारण इथेच सगळे चुकतात. दगड वाटेला काटकोनात बसवायचे नाहीत, तिरके बसवायचे: डोंगराकडचं टोक वर, दरीकडचं टोक खाली, तीस ते पंचेचाळीस अंशांत. सरळ आडवे बसवले तर पाणी मागं थांबतं, गाळ साचतो, त्याची पायरी होते, आणि पायरी नको म्हणून लोक बाजूनं जातात. झाली नवी घळ.

दगड आपल्याकडच्या काळ्या खडकाचे, चपटे, दोघांनी लोटत आणावे लागतील एवढे. एकट्यानं उचलता येतो तो दगड गुरांच्या एका खुरानं निघतो. आधी गैंतीनं (टिकावानं) तिरका चर खणा, दोन्ही बाजूंना वाटेच्या फूटभर बाहेरपर्यंत. पहिला दगड दरीकडच्या टोकाला बसवा आणि तिथून वर सरका. वरचा प्रत्येक दगड खालच्यावर किंचित चढलेला हवा, कौलं चढवतात तसा, म्हणजे फटीतून पाणी खाली शिरत नाही. दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत, एक-तृतीयांश वर. फटींत मुरूम भरून सब्बलच्या (पहारीच्या) बोथट टोकानं ठोका. मग दगडावर उभं राहून उडी मारा. हलला तर काढा आणि पुन्हा बसवा. आमच्यात बापट नावाचे एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. ते प्रत्येक दगडावर स्वतः नाचून बघतात आणि त्याशिवाय दगड पास होत नाही.

पाणी बाहेर पडतं तिथे चर पंख्यासारखा रुंद करा, आणि खणलेली माती नेमकी त्याच तोंडाशी टाकू नका. हे आम्ही दोनदा केलंय. शेवटी बाटलीभर पाणी वरच्या बाजूला ओता आणि बघत राहा. दगडाला लागून घरंगळत बाहेर गेलं तर जमलं. असे दगड खड्या चढावर दहा-बारा मीटरला एक, हलक्या चढावर त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर.

दगड कुठून आणायचे? वाटेवर आणि कडेला मोकळे पडलेले तेवढेच. शेताच्या बांधाचे नाहीत, ओढ्याच्या काठाचे नाहीत, आणि जंगलातले परवानगीतच. दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खालचा विंचू पलीकडे पळतो. उलट केलंत तर तो तुमच्या बुटावर येतो.

पठारावरच्या काळ्या मातीच्या टप्प्याला ह्यातलं काही लागू पडत नाही. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. डिसेंबरात तिची ढेकळं दगडासारखी आणि जुलैत बुटाला किलोकिलोनं चिकटते. चिखल दिसला की नवखा त्यात शेजारची माती आणून टाकतो. काळ्या मातीवर काळी माती टाकणं म्हणजे पुढच्या चिखलाची तजवीज. तिथे मुरूम टाकून वाट थोडी वर उचला किंवा पावलापावलावर चपटे दगड रोवा. हे काम ऑक्टोबरात, ओल उतरत असताना. आणि स्वतः चालताना चिखल चुकवून कडेनं जाऊ नका, मधून जा. बूट धुता येतात, वाट रुंद झाली की होत राहते.

झाडोरा, आणि आमची मोठी चूक

आता कोयता काढा. आपल्याकडे वाट बुजवते ती मुख्यतः घाणेरी. नुसती वरून छाटली तर पुढच्या पावसात दुप्पट फुटते. वाटेच्या अगदी कडेची असेल तर कुदळीनं जमिनीखाली तीन-चार बोटांवर मूळखोड तोडा, झुडूप उपटा आणि मुळं वर करून उलटं ठेवा. पण वाटेपुरतीच. "सगळं जंगलच साफ करू" असा आवेश आला तर थोडं बसा, पाणी प्या. उतारावर तिच्याच मुळांनी माती धरलेली असते, आणि मोकळ्या जमिनीवर बुलबुलांनी टाकलेल्या बियांतून पुन्हा तीच उगवते.

गाजरगवत फुलायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. त्यानं अंगावर पुरळ उठतं. दम्याच्या माणसानं ह्या कामाला येऊच नये. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा ओळखायला शिका. तपकिरी मखमली दिसतात, मुलं हात लावतात, मग दिवसभर रडतात.

काय कापायचं नाही, ते गावाला विचारा. मोह, तेंदू, चारोळी, आवळा, सीताफळ ह्यांचं लहानसं रोपटंसुद्धा कोणाच्या तरी वर्षाच्या हिशेबात असतं. कापलेल्या फांद्या दरीच्या बाजूला, बुंधा वाटेच्या उलट बाजूला करून पसरा. नाल्यात टाकू नका, पावसात त्या तुंबतात. आणि जाळू तर मुळीच नका, फेब्रुवारीपासून पुढे तर काडेपेटी सुद्धा बॅगेत नको.

आता चूक. एका वाटेचं तोंड डांबरी रस्त्यावर उघडत होतं. आम्ही ते झकास साफ केलं, सहा-सात फूट रुंद, लांबून दिसेल असं. महिन्याभरात तिथून मोटरसायकली आत जायला लागल्या. पावसाळ्यात चाकांच्या दोन चाकोऱ्या पडल्या, पाण्याला दोन नवे पाट मिळाले, आणि तीस वर्षं टिकलेली वाट एका मोसमात चिखलाचा घसरगुंडा झाली. गावातले एक काका म्हणाले, "भिया, पहले कम से कम किसी को दिखती नहीं थी।" ती वाट अजून सावरलेली नाही. तेव्हापासून रस्त्याकडचं तोंड आम्ही मुद्दाम अरुंद आणि वाकडं ठेवतो, दोन मोठे दगड असे रोवतो की मोळीवाली जाईल, गाय जाईल, हॅण्डल अडकेल. हे दगड कुठे रोवायचे तेही गावाला विचारूनच, कारण कोणाची तरी सायकल रोज तिथूनच जात असते.

अवजारं

सुरुवातीला स्वतःचं असं फक्त हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट घ्या. बाकी आमच्याकडे आहे: दोन गैंत्या, दोन फावडी, एक सब्बल, तीन तगाऱ्या, कोयते, एक घडीची करवत, छाटणीची मोठी कात्री. पुढेमागे घ्यायचंच झालं तर इंदूरच्या सियागंज बाजारात जा, वजन हातात तोलून घ्या आणि दांडा वेगळा निवडा. ऑनलाइन मागवलेल्या देखण्या कुदळीचा दांडा आमच्या काळ्या खडकावर पहिल्या तासात मोडला होता. चालताना अवजार खांद्यावर नाही, हातात, धार खाली आणि दरीच्या बाजूच्या हातात. दोन माणसांत दोन दांड्यांचं अंतर. मशीनचं गवतकापणं, चेन-सॉ वगैरे नको. परवानगीही मिळणार नाही.

साप, बिबट्या आणि ऊन

गवतात हात घालायच्या आधी काठी घाला. नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही आपल्या भागात आहेत. चावलाच तर माणसाला बसवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बाबाकडे न्यायचं नाही. म्हणूनच काम सुरू करण्याआधी मोबाईलला रेंज कुठे मिळते ती जागा टिपून ठेवायची. कड्याखाली ती बहुतेक नसतेच. चोरल-महूच्या जंगलात बिबटे आहेत. सूर्य उगवल्यावर शिरायचं, मावळायच्या बऱ्याच आधी निघायचं आणि एकट्यानं मागं रेंगाळायचं नाही. अत्तर लावून येऊ नका, मोहोळाजवळ धूर-गोंगाट करू नका.

खुणा

दगडांवर रंगाचे बाण काढू नका. एका वाटेवर कोणीतरी प्रत्येक दहा पावलांवर पिवळा बाण काढलाय, त्यातले दोन चुकीचे आहेत आणि तो रंग आम्ही गेल्यावरही तिथेच असणार. फाट्यावर तीन-चार दगडांची उतरंड पुरते. तीसुद्धा गावकऱ्यांना लागत नाही, आपल्यालाच लागते. वाट नकाशावर टाकायची असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही टाकता येते, पण शेतातून जाणारी वाट मालकाला विचारल्याशिवाय आणि कड्याच्या टोकाशी संपणारी वाट कधीच टाकू नका. मोटरसायकलींचा प्रसंग आठवा.

पहिला रविवार

हिवाळ्यात आम्ही सकाळी सहाला निघतो. पोहे गाडीत, जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) पुडी ज्याची त्यानं आणायची. आठ ते अकरा काम, एक टप्पा फक्त, शंभर-दीडशे मीटर. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तुंबलेल्या चरांतला गाळ काढायला देतात. कंटाळवाणं वाटेल, पण पाणी कसं जातं हे त्यानंच कळतं. गाळ खालच्या बाजूला टाकायचा, वरच्या नाही. अकरानंतर ऊन चढतं, माणसं चिडतात आणि बोटं कापतात, म्हणून थांबायचं. अवजारं तिथेच ओढ्यावर न धुता घरी धुवायची, पुसायची, धारेला तेलाचा हात लावायचा. वहीत लिहायचं: तारीख, टप्पा, किती दगड, कोण भेटलं, काय म्हणालं. बीटगार्डला एक फोटो पाठवायचा, न मागता.

खाली काळाकुंडला उतरलो असलो तर स्टेशनवरचा कलाकंद खातो. हा नियम नाही, पण आजवर कोणी मोडलेला नाही.

मार्चनंतर आम्ही अवजारं बांधून ठेवतो. पुढची भेट जूनमध्ये, पहिला जोराचा पाऊस पडेल त्यानंतरच्या रविवारी. तेव्हा फक्त छत्री आणि वही आणा. हिवाळ्यात बसवलेल्या दगडांतले किती जागेवर आहेत ते मोजायचे असतात.